नळी गेली तरी चालेल, तोंड वाचवा

या वेळी जुन्या व्हॅनच्या हीटरच्या नळ्यांबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले. रेडिएटर समोर दिसतो म्हणून त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. हीटरच्या नळ्या इंजिनाच्या मागे, डॅशबोर्डच्या पत्र्याला चिकटून, कुठे सीटखाली तर कुठे गाडीच्या पोटाखाली पडून असतात. गळायला लागल्याशिवाय त्यांची आठवण होत नाही, आणि आठवण होते तेव्हा घाई असते. घाईत लोक नळी धरून ओढतात. माझ्याकडे येणाऱ्या कामांत मूळ गळतीपेक्षा या ओढाओढीचं नुकसान मोठं असतं, म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय. ते मुद्दामच लांबू दिलंय.

प्रश्न : ताई, माझी डिझेल व्हॅन वीस वर्षांहून जुनी आहे. टाकीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) दर आठवड्याला बोटभर उतरतं. इंजिन चालू असताना कुठेच थेंब दिसत नाही, पण सकाळी बोनेट उघडलं की हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी एकीच्या क्लिपखाली ओल असते. क्लिप पुन्हा पुन्हा आवळून पाहिली, फरक नाही. नळ्या बदलायच्या का? आणि हे काम माझं मला जमेल का?

उत्तर : दोन्ही बदला, आणि जमेल. इंजिन पूर्ण गार असू द्या आणि अर्धा दिवस मोकळा ठेवा, एवढंच.

गार असताना गळायचं आणि तापल्यावर थांबायचं, हे म्हाताऱ्या रबराचं लक्षण. इंजिन तापलं की रबर आणि त्याच्या आतलं धातूचं तोंड, म्हणजे नळी ज्यावर चढवलेली असते ते नळकांडं, दोन्ही फुगतात आणि क्लिपखाली घट्ट बसतात. रात्री दोन्ही आक्रसतात. नवं रबर लवचिक असतं, ते धातूबरोबर मागे येतं. जुनं रबर दबल्या जागीच कडक झालेलं असतं, त्यामुळे केसभर फट राहते आणि कूलंट झिरपतं. दिवसा जे थोडंफार बाहेर येतं ते गरम इंजिनावर वाळून जातं, म्हणून तुम्हाला दिसत नाही. क्लिपच्या कडेला पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खर बसलेली दिसेल. ती दिसली की जागा पक्की समजा. क्लिप आणखी आवळलीत तर पट्टी रबरात रुतून ते कापेल, दुसरं काही होणार नाही.

नळी मुख्यतः आतून खराब होते. हीटरची नळी बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराची असते, मध्ये विणलेल्या धाग्याचा थर असतो. इंजिनाचा धातू, हीटर कोरचा (डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरचा) धातू आणि मधलं कूलंट मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि तिच्या परिणामाने रबराला आतून लांबीच्या दिशेने बारीक चिरा पडत जातात. या चिरा जास्त करून टोकांजवळ, साधारण पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात असतात. वरून नळी काळी, गुळगुळीत, चांगली दिसते. म्हणून गार नळी आधी मधोमध अंगठा आणि बोटात दाबून पाहा, मग क्लिपच्या शेजारी दाबा. टोकाकडे ती मधल्या भागापेक्षा मऊ लागली, किंवा आत काहीतरी कुरकुरल्यासारखं बोटांना जाणवलं, तर नळी संपली.

आता काढायचं कसं. आधी कूलंट खालून स्वच्छ भांड्यात काढून घ्या. क्लिप सोडवून मागे सरकवा. आणि इथे थांबा. नळीला पिळू नका, पक्कडीने धरून ओढू नका. इतक्या वर्षांत रबर तोंडाला चिकटून बसलेलं असतं. तुम्ही नळी पिळलीत की तो पीळ थेट हीटर कोरच्या पातळ नळकांड्यात उतरतो. ते नळकांडं तांब्या-पितळेचं असलं तर कोरशी डाख देऊन जोडलेलं असतं, तो डाख उघडतो. ॲल्युमिनियमचं असलं तर वाकतं किंवा मुळाशी तडकतं. कोर बदलायचा म्हणजे बऱ्याच व्हॅनमध्ये डॅशबोर्ड उतरवायचा. हातभर नळी वाचवायला जाऊन एवढं काम अंगावर घेऊ नका.

नळी कापा. तशीही ती टाकूनच द्यायची आहे. धारदार पात्याने टोकापासून मागे, लांबीच्या दिशेने, तोंडावर जेवढी चढली आहे तेवढी चीर द्या. पातं आरपार नेऊ नका. वरचं रबर आणि धागा कापला गेला की थांबा, उरलेला पातळ थर बोथट पेचकसाने उचकटून सोलून काढा. पात्याची रेघ धातूवर उमटली तर नवी नळी बरोबर त्याच रेघेतून गळेल.

तोंड उघडं पडलं की त्यावर जुन्या रबराची काळी पापडी आणि पांढरी खर दिसेल. बारीक एमरी पेपरची अरुंद पट्टी घेऊन तोंडाभोवती गोल फिरवा. लांबीच्या दिशेने घासू नका, कारण त्या दिशेचा प्रत्येक ओरखडा म्हणजे पाण्याला बाहेर यायची वाट. मग पुसून नखाने चाचपा. नख अडकेल असे खोल खड्डे टोकाच्या कडेलाच असतील आणि मागे पुरेसा चांगला धातू असेल, तर नळी पूर्ण आत सरकवून क्लिप त्या चांगल्या भागावर घ्या. खड्डे सगळीकडे असतील तर तोंडच बदलायला हवं. सीलंट फासून नळी बसवायचा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही. चांगल्या तोंडाला त्याची गरज नसते, खराब तोंडावर तो टिकत नाही, आणि पुढच्या वेळी नळी काढताना चिकटण्याचा तोच त्रास दुप्पट होतो.

नवी नळी घेताना जुनी नळी नमुना म्हणून नेऊ नका, ती फुगलेली असते. व्हर्नियरने तोंडाचा बाहेरचा व्यास मोजा. बऱ्याच गाड्यांत १६ किंवा १९ मिमीची नळी लागते, आणि एकाच कोरची दोन तोंडं वेगवेगळ्या मापांची असणंही नेहमीचं आहे. १६ ची नळी ताणून १९ वर चढवली तर ती चढते, पण ताणलेलं रबर लवकर चिरतं. पेट्रोलची किंवा हवेची नळी इथे घालू नका, तिचं आतलं रबर गरम कूलंटसाठी केलेलं नसतं. मूळ नळी साच्यातली वळणदार असेल तर तशीच मिळवा. सरळ नळी वाकवून बसवली की वळणावर ती चपटी होते आणि प्रवाह अडतो.

चढवताना तोंडाला थोडं कूलंट लावा. तेल किंवा ग्रीस अजिबात नको, ईपीडीएम तेलाने फुगून मऊ पडतं. तोंडाच्या टोकाशी एक उंचवटा असतो, त्याला आम्ही कडं म्हणतो. क्लिप त्या कड्याच्या मागे बसली पाहिजे. कड्यावर बसवलेली क्लिप हळूहळू घसरते, कड्याच्या पुढे बसवलेली काहीच धरत नाही. मूळ स्प्रिंगच्या क्लिपा अजून ताठ असतील तर त्याच वापरा. रबर आक्रसलं तरी त्या आपोआप दाब धरून ठेवतात, म्हणजे तुमच्या सकाळच्या गळतीवर त्याच जास्त चांगल्या. वर्म क्लिप (स्क्रू फिरवून आवळायची पट्टी) वापरलीत तर स्क्रूचं डोकं हात पोहोचेल अशा बाजूला ठेवा. इंजिन एकदा पुरतं तापून गार झालं की ती पुन्हा एकदा तपासावी लागते.

प्रश्न : माझ्या व्हॅनला मागच्या सीटखाली दुसरा हीटर आहे. त्याचे लोखंडी पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. त्यातला एक गंजून भोक पडलंय. तेवढा भाग कापून मध्ये रबरी नळी घालायची म्हणतो. चालेल का? पुढच्या बाजूला प्लॅस्टिकचे दोन टी (इंग्रजी टीच्या आकाराचे जोड) आहेत, ते तर चांगले दिसतात.

उत्तर : चालेल, पण आधी बाकीचा पाइप तपासा. हे पाइप जिथे चॅसीला क्लिपांनी धरलेले असतात तिथे चिखल आणि ओल साचते आणि नेमके तिथेच गंजतात. प्रत्येक क्लिप सोडवून खालचा भाग पेचकसाच्या टोकाने खरवडून पाहा. पापुद्रे सुटत असतील तर तुकडा घालण्यात अर्थ नाही, एकीकडे बुजवाल तर दुसरीकडे फुटेल. मग पूर्ण लांबीचा नवा पाइप करून घ्या. स्टेनलेस किंवा तांबे-निकेलचा मिळाला तर उत्तम.

गंज एकाच जागी असेल तर चांगला, चमकता धातू लागेपर्यंत कापा आणि कापलेली कड आतून-बाहेरून घासून गुळगुळीत करा. आता महत्त्वाची गोष्ट. कापलेल्या पाइपला कडं नसतं. कूलंटच्या यंत्रणेत तापल्यावर साधारण एक बारचा दाब येतो, आणि गुळगुळीत पाइपावरची नळी त्या दाबाने कधीतरी निसटते. निसटली की काही क्षणांत सगळं पाणी रस्त्यावर. ब्रेकच्या पाइपांसाठी फ्लेअरिंग टूल असतं, तसंच या जाडीला बसणारं टूल घेऊन टोक अगदी थोडं फुलवा. पूर्ण फ्लेअर नको, कड जरा उठली तरी पुरे. ते जमत नसेल तर वेल्डरकडून टोकाभोवती बारीक कडं भरून घ्या आणि कानशीने गोल करा. नळी दोन्हीकडे किमान २५ ते ३० मिमी चढली पाहिजे. खाली लोंबू नये म्हणून तिला रबर लावलेल्या क्लिपांनी बांधा, सायलेन्सरपासून लांब ठेवा, आणि जिथे पत्र्याच्या कडेला घासेल तिथे जास्त मापाच्या जुन्या नळीचा उभा चिरलेला तुकडा वरून चढवा. घासून नळी किती लवकर फुटते याची लोकांना कल्पना नसते.

टी मात्र आत्ताच बदला. नायलॉनचे हे तुकडे वर्षानुवर्षं गरम पाण्यात राहून ठिसूळ होतात. तुम्ही शेजारची नळी काढायला गेलात की त्याचं तोंड आतल्या आत मोडतं आणि तो तुकडा पाण्याबरोबर पुढे जाऊन अडकतो. त्याच मापाचे पितळी टी बसवा.

प्रश्न : नळ्या बदलल्या, कूलंट भरलं. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा जरा खालीच आहे, पण हीटरमधून गार वारा येतो आणि डॅशबोर्डच्या मागे खळखळ आवाज येतो.

उत्तर : कोरमध्ये हवा अडकली आहे. आणि काट्यावर विसंबू नका. सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या फुग्यात असेल तर काटा खाली राहतो आणि इंजिन तापत असतं. हवा निघेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.

बऱ्याच व्हॅनमध्ये हीटर कोर हा यंत्रणेतला सगळ्यात उंच भाग असतो, त्यामुळे हवा तिथेच जाऊन बसते. गाडीचं नाक चढावर घ्या म्हणजे भरायचं तोंड कोरपेक्षा वर येईल. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा, नाहीतर काही गाड्यांत हीटरचा व्हॉल्व्ह बंद राहतो आणि तिकडची हवा निघतच नाही. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत सावकाश भरा. स्क्रू नसेल तर, इंजिन गार आणि बंद असताना, कोरच्या वरच्या तोंडाची नळी सैल करा आणि तिथून कूलंट डोकावलं की परत चढवा. मग इंजिन चालू करा, आयडलपेक्षा जरा जास्त फेऱ्यांवर ठेवा, जाड नळ्या हाताने दाबत राहा, पातळी उतरेल तसं भरत जा. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडला की पातळी एकदम खाली जाईल, तेव्हा पुन्हा भरून झाकण लावा. रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी परत पातळी बघा.

इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे अशा गाड्यांना यात जास्त वेळ द्यावा लागतो. फोक्सवॅगनच्या टी३ व्हॅनला १९८२ पासून पाण्याने थंड होणारं पेट्रोल इंजिन आलं. त्यात कूलंटचे लांब पाइप सगळ्या गाडीखालून जातात. तिथे नाक चांगलं उंच करून रेडिएटरच्या वरच्या स्क्रूमधून हवा काढल्याशिवाय भागत नाही.

एवढं करूनही गार वारा आला तर हीटरच्या दोन्ही नळ्या हाताने चाचपा. जाणारी गरम आणि येणारी त्याहून जराशी कमी गरम असेल तर पाणी फिरतंय, दोष वाऱ्याच्या झडपेत आहे. जाणारी गरम आणि येणारी गार असेल तर कोर चोंदलाय. दोन्ही नळ्या सोडवून साध्या नळाच्या मंद धारेने उलट दिशेने धुवा. प्रेशर वॉशर लावाल तर कोर फुटेल.

प्रश्न : रबराऐवजी सिलिकॉनच्या नळ्या घालाव्यात का?

उत्तर : उष्णता त्या उत्तम सोसतात आणि वर्षानुवर्षं मऊ राहतात. पण तेल-डिझेल त्यांना चालत नाही, आणि त्यांच्यातून पाण्याची वाफ अगदी हळूहळू निघून जाते, त्यामुळे पातळीकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. क्लिपही आतून सपाट पट्टीची लागते. खाचांची साधी वर्म क्लिप त्या मऊ सिलिकॉनला कापते. रोजच्या व्हॅनला चांगली ईपीडीएमची नळी आणि योग्य क्लिप पुरते, असं माझं मत.

प्रश्न : काचेवर आतून तेलकट धुकं येतं, गाडीत गोडसर वास येतो, डाव्या बाजूचा गालिचा ओला आहे. कोर गळतोय असं म्हणतात. सध्या हीटरच्या दोन्ही नळ्या बुच मारून बंद केल्या तर?

उत्तर : लक्षणं कोरचीच आहेत. पण बुच मारू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी हीटरच्या वाटेनेच फिरतं. ती वाट बंद केली तर इंजिनात एकीकडे उकळी आणि थर्मोस्टॅटपाशी गार पाणी अशी अवस्था होते. इंजिनातून हीटरकडे जाणारं तोंड आणि परतीचं तोंड एकाच नळीने इंग्रजी यूच्या आकारात जोडा, म्हणजे पाणी फिरत राहील. कोरच्या मोकळ्या तोंडांना कापड लावा, उरलेलं पाणी गालिच्यावर सांडतं. हीटर नसल्याने काचेवरचं धुकं हटणार नाही, हे ध्यानात ठेवून कोर लवकर बदला.

गळती बुजवणारी पावडर टाकू नका. कोरच्या नळ्या सगळ्यात बारीक, त्याच आधी चोंदतात. आणि गालिचा आजच धुवा. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि ते विषारी आहे. मुलं, कुत्री, मांजरं यांच्या तोंडी ते जाता कामा नये. काढलेलं कूलंटही उघड्या भांड्यात ठेवू नका, गटारात ओतू नका. झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेलं तेल आणि कूलंट जिथे जमा करून घेतात तिथे द्या.

प्रश्न : नवी नळी महिनाभरातच फुगली. दुसरी घातली, तीही तशीच. नळ्या बनावट आहेत का?

उत्तर : आधी हात लावून पाहा. फुगलेली जागा मऊ आणि चिकट असेल तर वरून तेल ठिबकतंय. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बघा, ते बदलल्याशिवाय तिसरी नळीही तशीच जाईल.

मऊ नसेल तर दाब तपासा. कूलंटच्या झाकणावर दाबाचा आकडा लिहिलेला असतो, तुमच्या गाडीला सांगितलेलाच आहे ना ते बघा. मग सकाळी गार इंजिन चालू करा आणि वरची जाड नळी धरून ठेवा. पाणी तापायच्या आधीच, एक-दोन मिनिटांत ती ताठ झाली तर सिलिंडरमधला वायू कूलंटमध्ये शिरतोय, म्हणजे हेड गॅस्केटवर (इंजिन ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पट्टीवर) संशय. टाकीच्या तोंडाशी धरून तपासायचं एक निळं द्रावण असतं. ज्वलनाचा वायू असेल तर ते पिवळं होतं. उलट, सकाळी नळी चपटी, आत ओढलेली दिसत असेल तर झाकणातला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय आणि गार होताना हवा आत येऊ देत नाही. तेव्हा झाकण बदला.

प्रश्न : लांबच्या प्रवासात हीटरची नळी फुटली तर काय करायचं? सोबत काय ठेवू?

उत्तर : दोन मापांच्या क्लिपा, पितळी सरळ जोड, धारदार पातं, पेचकस, पाणी आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप.

गाडी थांबवा आणि इंजिन गार होऊ द्या. गरम असताना झाकण उघडलं की दाब जातो, पाणी तत्क्षणी उकळतं आणि अंगावर येतं. चीर टोकाशी असेल आणि नळीला ढील असेल तर तेवढं टोक कापून नळी परत चढवा. मधोमध असेल तर फाटका भाग कापून पितळी जोड घाला, दोन्हीकडे क्लिप लावा. कापण्याइतकी लांबी नसेल तर टेप. नळी पूर्ण कोरडी करा, ओल्यावर ती धरत नाही. टेप दुपटीहून जास्त ताणा आणि प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर येईल असं गुंडाळा. चिरेच्या दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर पुढे जा. मग झाकण पहिल्या खाचेपर्यंतच बसवा म्हणजे दाब चढणार नाही. पण दाब नसला की पाणी लवकर उकळतं, तेव्हा सावकाश चालवा आणि काट्यावर नजर ठेवा.

वाटेत साधं पाणी भरलं असेल तर घरी आल्यावर नळी बदलताना कूलंटचं प्रमाण पुन्हा निम्मं-निम्मं करा. त्या प्रमाणात ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि गंजाला आळा घालणारी द्रव्यंही पुरेशी राहतात. नळाचं जड पाणी वापरू नका, बॅटरीत घालतो ते क्षारमुक्त पाणी वापरा.